एकशे बारा वेळा ‘नाही’

३ फेब्रुवारी

युरानी, वर तारीख घाल आणि मी बोलते तसं लिही. मध्ये स्वतःचं शहाणपण घालू नकोस.

परवा काली शहरातून आठ डॉक्टर आले आणि शाळेच्या दोन वर्गांत त्यांनी बिऱ्हाड मांडलं. दिवसभर आमच्याबद्दल लिहीत असतात. मी खोकले तर तेही लिहिलं. तेव्हा मी युरानीला म्हटलं, हे लोक आपल्याबद्दल वह्या भरून नेणार, मग आपणही त्यांच्याबद्दल एक वही ठेवू. मला अक्षर येत नाही, पण तोंड आहे आणि शिकलेली नात आहे. बिशपसुद्धा एवढ्यावरच पत्रं लिहितो.

आमच्या ग्वासिमालमध्ये घरं एकशे ऐंशी आणि लेकरं अडतीस. ही आमची लेकरं म्हणजे शाळेतली पोरं नव्हेत. माझा आर्सेसिओ एक्केचाळीस वर्षांचा आहे, आणि सगळ्यांत थोरल्या लेकराला पांढऱ्या मिशा आहेत. तोंडाकडे बघून बोललेलं त्यांना सोसत नाही, आवाज सोसत नाही, एकच गोष्ट वीसदा विचारतात. माझ्या लहानपणी म्हणायचे, झऱ्याचं पाणी बाधलं. सासूबाई म्हणायच्या, गरोदरपणी चांदण्यात बसलं की असं होतं. आता या डॉक्टरीणबाई, पिलार एस्कार्रिया, म्हणतात की रक्तात एक्स नावाचं अक्षर असतं, ते एका जागी झिजलंय, आणि ते आईकडून लेकाकडे, लेकीकडे जातं.

मी म्हटलं, “अहो बाई, माझ्यात अक्षर कुठून येणार? मी शाळेची पायरी चढले नाही. माझ्या नवऱ्याच्या घरात पुस्तकं होती, तिकडे शोधा.”

त्या हसल्या नाहीत. एवढा चांगला विनोद वाया गेला.

७ फेब्रुवारी

आज पिलारबाई घरी आल्या. वयाने पस्तिशीच्या, बूट महागाचे, आणि आमच्या कोंबडीला भितात.

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. लेकरांचं वागणं कसं असतं, कुणाला काय जड जातं, कुणाला या आजाराबरोबर ऑटिझमसुद्धा आहे, हे त्यांना शोधायचंय. आणि ज्यांची गरज सगळ्यांत मोठी निघेल त्या बारा जणांना प्रांताचं सरकार एक सोबती देणार आहे. सोबती म्हणजे पगारी माणूस. रोज लेकराजवळ राहायचं, त्याच्याच गावात, त्याच्याच घरात. आई असो की नसो, जन्मभर.

मी त्यांना पुन्हा विचारलं, “आई नसली तरी?”

“आई नसली तरी, उबाल्दिनाबाई.”

माझं वय सत्त्याहत्तर. माझी लेक, म्हणजे या युरानीची आई लुस मिला, काली शहरात सहाव्या मजल्यावर राहते. गेल्या नाताळात भांडी पुसता पुसता म्हणाली, “आई, तिथे एक चांगला आश्रम आहे, बघून ठेवलाय.” मी पण बघून आलेय तो आश्रम. भिंतींना पांढऱ्या फरशा, आणि जेवणाच्या वेळी घंटा. आर्सेसिओ तिथे आठवडाभर टिकायचा नाही. तो मरणार नाही, पण उरणारही नाही.

मी कॉफी ओतली. कपापेक्षा बशीनेच जास्त प्यायली. बाई विचारतात, “हात कधीपासून थरथरतो?” मी म्हटलं, “तो नाचरा आहे, त्याला गाणं लागत नाही.” मग त्यांनी मला फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला चिकटवत. मला वाटलं, सालसा शिकवतायत. तिसऱ्या पावलाला कपाटावर गेले. नव्या चपला घसरतात.

युरानीचंही रक्त घेतलं. तेव्हापासून ती गप्प आहे. कुठल्यातरी मुलाचं प्रकरण असणार, मी काय आजची आहे?

१० फेब्रुवारी

आज प्रश्नांचा दिवस. एकशे बारा प्रश्न, अडीच तास.

पाहुणे यायचे म्हटल्यावर मी आर्सेसिओला न्हाऊ घातलं, इस्त्रीचा शर्ट घातला. कॉलरमागची टोचणारी चिठ्ठी कापलेला, नाहीतर तो अंगातून काढून फेकतो. भांग पाडला. राजासारखा दिसत होता माझा मुलगा. आता आईने चारचौघांत मुलाचं वाईट सांगायचं का?

“बोलताना नजर टाळतो का?”

“नाही हो.” कारण इथे त्याच्या नजरेला नजर लावायला जातंच कोण? ग्वासिमालमध्ये लेकराशी बोलायचं तर त्याच्या शेजारी उभं राहायचं, दोघांची तोंडं रस्त्याकडे, जसं काही बसची वाट बघतोय. हे आम्हाला चालायला शिकताना शिकवतात.

“रोजच्या क्रमात बदल झाला तर चिडतो?”

“नाही.” पावणेचारला एर्मेसच्या बेकरीत जातो, म्हणतो, “एर्मेस, तिसरा ट्रे,” आणि तिसऱ्या ट्रेमधला चीजचा गोल पाव घेऊन येतो. तेवीस वर्षं. बदल कुठे झालाय चिडायला?

“मोठ्या आवाजाने त्रास होतो?”

“नाही.” लेकरं चौकात असली की फादर एवेलिओ घंटा वाजवत नाहीत. सणाचे फटाके नदीपलीकडे उडवतात.

“स्वतःचा हात चावतो?”

“छे!” गळ्यात चामड्याची पट्टी बांधलीय ना मी. ती चावतो.

“झोप?”

“एकदम छान.” माझी खाट त्याच्या दाराला आडवी असते.

शेवटी बाई म्हणाल्या, “म्हणजे त्याला तसा कशाचाच त्रास नाही?”

मी म्हटलं, “देवदूत आहे.” आणि इतकी खूश होऊन घरी आले की वाटेत ओलिवाला मुद्दाम थांबवून सांगितलं. ओलिवा म्हणजे बेकरीसमोर राहणारी. तिचा मुलगा हिल्दार्दो पण लेकरूच. ती म्हणाली, “मी तर बाई रडले. असेल नसेल ते सगळं सांगितलं.” मला तिची कीव आली. सवयच आहे तिला रडायची.

२ मार्च

मधल्या दिवसांत काही झालं नाही. अंगणात पडले. कोंबडी पायात आली.

(कोंबडी तेव्हा खुराड्यात होती. आजी म्हणाली लिहू नकोस. — यु.)

११ मार्च

यादी लागली, शाळेच्या दारावर. मला वाचता येत नाही, म्हणून मी तिच्यासमोर उभी राहून लोकांची तोंडं वाचत होते. एर्मेस बेकरीवाला चष्मा वर करून वरून खाली गेला, मग खालून वर आला. मग त्याने माझ्याकडे बघितलं नाही. एर्मेसला लेकरं सोडून बाकी सगळ्यांकडे बघता येतं.

हिल्दार्दोचं नाव तिसरं. आर्सेसिओचं नाव बारांत नाही. पिलारबाईंच्या मदतनिसाने कागद काढून दाखवला. अडतीस लेकरांत आर्सेसिओ सदतिसावा. त्याला मदतीची गरज सगळ्यांत कमी. अडतिसावा गेल्या महिन्यात वारला.

एर्मेस म्हणाला, “आता ओरडू नका उबाल्दिनाबाई. तुम्हीच सांगितलंत ना, देवदूत आहे म्हणून? देवदूताला कशाला हवाय नोकर?”

मी त्याला जे बोलले ते युरानी लिहायला तयार नाही.

१४ मार्च

पिलारबाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते. म्हटलं, “सोळा वर्षं मी त्या पोराच्या दारात झोपतेय, आणि तुमचा कागद म्हणतो गरज नाही?”

त्यांनी मान वर केली. “दारात झोपता? का?”

“तो उठून उसाच्या शेतात जाऊ नये म्हणून.”

“मग झोप छान आहे असं का सांगितलंत?”

“मी आडवी असले की छानच झोपतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग एकेक विचारत गेल्या. बेकरी कधी बंद नसते? असते की, पण एर्मेस मागच्या दाराने पाव देतो. त्याची बायको वारली त्या दिवशीसुद्धा पावणेचारला दिला, डोळे पुसून. घंटा? पट्टी? चिठ्ठ्या? मी सांगत गेले. सांगताना मला कंटाळा येत होता, कारण हे काय सांगण्यासारखं आहे? आपण श्वास घेतो हे कुणी सांगतं का?

बाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, “मी त्याला मोजायला आले होते. आणि मोजून बसले तुमच्या गावाला.”

मला ते फारसं कळलं नाही, पण त्यांचे डोळे ओले होते, म्हणून मी भांडण आवरलं.

फेरतपासणी होते म्हणे. सोळा एप्रिलला राजधानीहून दोन नवे तपासनीस येतील, आर्सेसिओबरोबर एक दिवस घालवतील आणि चित्रण करतील. “तुम्ही नेहमीसारखंच राहा,” बाई म्हणाल्या, “आड काय काय आहे ते मी त्यांना लेखी देईन.”

त्यांना काय लेखी देणार? कागदाने एकदा माझा गळा कापलाय. नेहमीसारखं राहिलो तर त्यांना पुन्हा देवदूतच दिसेल.

२२ मार्च

आठ दिवस एकच विचार डोक्यात आहे. तो मी आज मोठ्याने बोलले आणि युरानीने पेन ठेवून दिलं. उचल म्हटलं.

त्या दिवशी गावाने काही करायचं नाही. बेकरी बंद, घंटा चालू. कुणी बाजूला उभं राहायचं नाही. बाकीची दुनिया जशी वागते तसं एक दिवस वागायचं, म्हणजे त्यांना दिसेल की आम्ही नसलो तर काय होतं.

युरानी म्हणाली, “आजी, मामाला कळणार नाही का करतोय आपण असं.”

“म्हणूनच तर दिसेल.”

“तुला बघवेल?”

मी म्हटलं, मला काय, माझे डोळे तसेही अधू झालेत.

३ एप्रिल

आठवडाभर दारोदार फिरले. काठी घेतलीय हल्ली, रुबाब वाढतो.

फादर एवेलिओ म्हणाले, हे पाप आहे का ते बघावं लागेल. मी म्हटलं, बघा आणि मग वाजवा. तीन दिवसांनी ‘वाजवतो’ म्हणाले.

एर्मेस मात्र हटूनच बसला. पीठ मळता मळता म्हणाला, “नाही.”

“एकच दिवस, एर्मेस.”

“तेवीस वर्षांत एक दिवस नाही चुकवला. माझी मर्सेदेस गेली त्या दिवशी घरात चाळीस माणसं रडत होती. नेहमीसारखं कुणी बोललंच नाही माझ्याशी. फक्त तो आला आणि म्हणाला, ‘एर्मेस, तिसरा ट्रे.’ मला त्या दिवशी त्या एका वाक्याने उभं ठेवलं. आणि तुम्ही म्हणता, त्याच्या तोंडावर शटर ओढू?”

मी म्हटलं, “तू किती वर्षांचा?”

“अडुसष्ट.”

“मी सत्त्याहत्तर. दोघांची बेरीज कर आणि मग सांग, त्याच्या साठाव्या वर्षी पाव कोण देणार?”

तो पीठ मळत राहिला. ते पीठ बिघडलं असणार, एवढं मळलं. मी निघाले तेव्हा पाठीमागून म्हणाला, “मी आत बसेन. पण दिवा बंद करून.”

१६ एप्रिल

आज सगळं लिही, युरानी. मला चांगलं दाखवू नकोस.

तपासनीस दोघं, एक पुरुष, एक बाई. भली माणसं. आल्या आल्या आर्सेसिओच्या समोर उभे राहिले, हात पुढे केला, डोळ्यांत बघून हसले. तो भिंतीला चिकटला. म्हटलं, चला, सुरुवात झाली.

साडेतीनला मी त्याच्या गळ्यातली पट्टी काढली. धुवायची आहे असं सांगितलं. त्याने मान पुढे केली. माझ्यावर त्याचा विश्वास आहे.

मी आणि युरानी ओलिवाच्या ओट्यावर बसलो, बेकरीच्या समोर. पावणेचारला तो आला. ऊस जाळायचे दिवस, हवेत काळी राख उडत होती, ती तो शर्टावरून झटकत होता. शटर खाली. तो थांबला. शर्ट नीट केला. शटरवर टकटक केली.

“एर्मेस, तिसरा ट्रे.”

पुन्हा. पुन्हा. मी अकरापर्यंत मोजलं. त्याचा आवाज दर वेळी एक पायरी चढत होता. गाव सगळं दारात उभं होतं, आणि सगळ्यांची तोंडं सरळ त्याच्याकडे. मीच सांगितलं होतं ना तसं. एवढे डोळे त्याच्यावर आयुष्यात कधी पडले नव्हते. तेवढ्यात घंटा सुरू झाली.

त्याने दोन्ही हातांनी कान झाकले. मग एक हात सोडून गळ्याशी नेला. पट्टी शोधत होता. कॉलरच्या आत, मग शर्टाच्या आत. मग खाली बसून जमिनीवर शोधली. मग हात तोंडात घातला.

ओलिवा म्हणाली, “बस झालं बाई, जा ना.” मी गेले नाही. रक्त कोपरापर्यंत आलं. ओलिवा म्हणाली, “उबाल्दिना, तो तुझा मुलगा आहे!” आणि मी तरी गेले नाही.

एर्मेसलाच शेवटी सहन झालं नाही. शटर वर गेलं, तो हातात अख्खा तिसरा ट्रे घेऊन बाहेर आला, तोंड रस्त्याकडे करून त्याच्या शेजारी उभा राहिला, आणि रडत होता. आर्सेसिओने पाव घेतला नाही. तपासनीस बाईने कॅमेरा कधीच बंद केला होता.

लिही, की मी गेले नाही. आई असून गेले नाही.

(आजी दोनदा उठली होती. दोन्ही वेळा पाय पुढे पडेना, मी धरून बसवलं. तिला हे आठवत नाही किंवा ती सांगत नाही. — यु.)

१७ एप्रिल

हाताला नऊ टाके. माझ्याशी तो नेहमीसारखाच आहे. हेच सोसत नाही.

२४ एप्रिल

आर्सेसिओ पावणेचारला घराबाहेर पडत नाही. एर्मेस रोज पाव घेऊन येतो आणि दारात ठेवतो. तो पाव ओलांडून जातो. पाव कोंबड्या खातात. तेवीस वर्षांची सवय मी सात मिनिटांत मोडली. एवढी चपळाई माझ्यात या वयात आहे हे मला माहीत नव्हतं.

६ मे

पिलारबाई आल्या. यादीत आर्सेसिओचं नाव दुसरं आलंय. सोबती मिळणार.

मी म्हटलं, “बघा, माझी युक्ती लागू पडली.”

त्या खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, “मी त्यांना बावीस पानं लिहून दिली होती. बेकरी, घंटा, तुमची खाट, सगळं. त्यांनी ती आदल्या दिवशी वाचली होती.”

“मग?”

“मग काही नाही.”

“म्हणजे ते तेवढ्यावरही भागलं असतं?”

“कदाचित,” त्या म्हणाल्या. “मला खरंच माहीत नाही, उबाल्दिनाबाई. कदाचित.”

सत्त्याहत्तर वर्षांत लोकांनी मला पुष्कळ काय काय म्हटलंय, पण या ‘कदाचित’इतकं कुठलंच लागलं नव्हतं.

जाताना त्यांनी एक पाकीट ठेवलं. माझ्या रक्ताचा निकाल. म्हणाल्या, हाताचं आणि तोल जाण्याचंही त्यात आहे, मोठ्या डॉक्टरला दाखवायला हवं, आपण बोलू या. मी म्हटलं, आधी सोबती येऊ दे, मग बघू माझी नृत्यं. पाकीट युरानीने वाचलं. मी विचारलं, काय म्हणतंय? म्हणाली, “अक्षर सापडलं, आजी.”

“माझ्यात?”

“तुझ्यात.” आणि थोड्या वेळाने, “माझ्यातपण.”

मी तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी बसले. आम्हाला तेवढंच येतं. दोष माझाच म्हणायच्या म्हणून सासूबाईंना मी चाळीस वर्षं शिव्या दिल्या, त्या परत घ्यायला कुठे जायचं ते कळत नाही.

१ जुलै

सोबती आली. देयानिरा नाव, तुलुआ गावची, तेहेतीस वर्षांची, आधी म्हाताऱ्या नन सांभाळायची. हसरी आहे, आवाज मोठा. आली ती थेट त्याच्या समोर जाऊन, “नमस्कार आर्सेसिओ! माझ्याकडे बघ ना!”

आर्सेसिओ मागच्या दाराने उसात.

संध्याकाळपर्यंत सापडला नाही. ती रडकुंडीला आली. मी म्हटलं, “अगं बाई, तू चांगली आहेस, पण तू फार समोर आहेस. त्याच्याकडे बघू नकोस. तो जिकडे बघतो तिकडे बघ.”

“मग त्याला कळणार कसं, मी त्याच्याशी बोलतेय?”

“त्याला कळतं. तुझंच तुला कळत नाही.”

ती सांगितलेलं ऐकते, हे तिच्यात बरं आहे. माझ्या हातून कप घेऊन टेबलावर ठेवते, न विचारता. ते मला आवडत नाही, पण चालवून घेतेय.

५ जुलै

शिकवतेय. चिठ्ठ्या कापायच्या. पट्टी उकळत्या पाण्यात नाही, कोमट पाण्यात. झोपताना खाट आडवी. एक प्रश्न कितीदाही आला तरी उत्तर पहिल्यासारखंच द्यायचं, आवाजात कंटाळा आणायचा नाही. तो शब्द ऐकत नाही, सूर ऐकतो.

देयानिरा विचारते, “बेकरीत का जात नाही तो? कागदात तर लिहिलंय रोज जातो.”

मी म्हटलं, कोंबडीला दाणे टाक.

१२ जुलै

आज आर्सेसिओला सांगितलं. युरानी म्हणत होती, काही गरज नाही, तो विसरला असेल. तो काही विसरत नाही. ग्वासिमालच्या प्रत्येक माणसाचा वाढदिवस त्याला पाठ आहे, मेलेल्यांचासुद्धा.

सकाळी अंगणातल्या बाकावर बसलो, खांद्याला खांदा. पलीकडच्या टोकाला देयानिरा परडी घेऊन शेंगा सोलत होती. मी रस्त्याकडे बघून म्हटलं, “त्या दिवशी दुकान एर्मेसने बंद केलं नव्हतं. मी करायला लावलं. घंटा मीच वाजवायला सांगितली. पट्टी धुवायची नव्हती, मी काढून घेतली. मी समोर बसले होते, आणि आले नाही.”

देयानिराचे हात थांबले. आर्सेसिओ पट्टी चावत होता. एक उसाचा ट्रक गेला, त्याची धूळ बसली. माझ्या मनात आलं, आता हा कधीच बोलणार नाही.

मग म्हणाला, “उद्या?”

मला आधी कळलं नाही. मग कळलं. “उद्या उघडं,” मी म्हटलं.

“मंगळवारी?”

“मंगळवारी उघडं.”

“बुधवारी?”

आठवडा झाला, पुढचा झाला. ऑगस्ट आला, सात ऑगस्टची सुट्टी आली. उघडं. सप्टेंबर, मग एर्मेसचा वाढदिवस, मग मेलेल्यांचा दिवस. मी एकाच सुरात सांगत होते. नाताळ, उघडं. सहा जानेवारीचा तीन राजांचा दिवस, उघडं. पुढच्या वर्षीचा पवित्र सप्ताह, त्यातला शुक्रवारसुद्धा उघडा केला मी, एर्मेसला न विचारता. माझा घसा सुकत चालला होता, पण सूर सोडला नाही.

“त्याच्या पुढच्या नाताळला?”

हो म्हणायला काय लागतं? काहीच नाही. पण एप्रिलमध्ये मी या पोराशी पट्टीबद्दल खोटं बोलले होते, आणि पुन्हा बोलायची माझी छाती होईना.

“त्याच्या पुढच्या नाताळला?” आवाज एक पायरी चढला. हात गळ्याशी गेला.

मी मान न वळवता म्हटलं, “ते देयानिराला विचार.”

बारा दिवसांत त्याने तिला एक शब्द विचारला नव्हता. तिला काय ठाऊक, कसलं दुकान, कुठलं उघडं? मी डोळे मिटून घेतले.

“देयानिरा, त्याच्या पुढच्या नाताळला?”

तिने तोंड वळवलं नाही. रस्त्याकडेच बघत होती, आणि सूर अगदी माझा.

“उघडं.”

“तीन राजांना?”

“उघडं.”

“पवित्र सप्ताहात?”

मी तिच्या मांडीवरची परडी हळूच ओढून घेतली आणि शेंगा सोलायला लागले. निम्मे दाणे खाली सांडत होते. ते दोघं तोवर कुठल्यातरी अशा वर्षात जाऊन पोचले होते, जिथे मी नव्हते, आणि बेकरी उघडी होती.